नाकावर ठेवलेलं बोट

३ ऑक्टोबर

दादा,

आधी प्रश्न विचारतो, मग बाकीचं लिहितो. तू त्या नळीत थुंकला होतास ना?

हसू नकोस, मी गंभीरपणे विचारतो आहे. नळी परत आली तेव्हा ती रेघेपर्यंत भरलेली मी स्वतः पाहिली होती. निदान पाहिली असं मला वाटतं. पण कालपासून माझा माझ्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला आहे, म्हणून तुझ्याकडून ऐकायचं आहे. सोबत पोस्टकार्ड ठेवलं आहे. त्यावर माझा पत्ता लिहिलेला आहे. तुला फक्त हो किंवा नाही एवढंच लिहायचं आहे.

मागच्या वेळी मी नळी आणि सूचनांचा छापील कागद एवढंच पाठवलं होतं. पत्र लिहिलं असतं तर पत्रासकट तू नळीही फेकून दिली असतीस, अशी भीती वाटली. तूही नुसती नळीच परत पाठवलीस. तू घर सोडल्यापासून आपल्यात एवढंच बोलणं झालं, एक नळी जाताना आणि तीच नळी येताना.

तू गेलास तेव्हा मी गोदामात होतो. आता एका प्रयोगशाळेत आहे. तिथे मेंदूंवर काम चालतं. माणूस गेल्यावर घरचे मेंदू दान करतात आणि त्याचे मटाराएवढे तुकडे कोरड्या बर्फात आमच्याकडे येतात. ते उतरवून घ्यायचे, लेबल लावायचं आणि ज्या फ्रीजरच्या ज्या खणात जायचे तिथेच ठेवायचे, हे माझं काम. नववीत शाळा सोडलेल्या माणसाला यापेक्षा बरं काय मिळणार? शिवाय मला ते आवडतं. माझं अक्षर आणि माझी धास्ती या दोन्हींचा कुणाला तरी उपयोग होतो, असं पहिल्यांदाच घडलं.

ज्यांच्या हाताखाली मी आहे त्या संशोधक आहेत, सगळे त्यांना नुसतं बाई म्हणतात. माणसांना मनाचे आजार का होतात ते त्या मेंदूच्या पेशींत शोधतात. पेशीतली जनुकं वाचतात आणि पेशीने त्या जनुकांवर आयुष्यभरात करून ठेवलेल्या खुणाही वाचतात.

आता नळीचं सांगतो. रसायनांची नवी खेप आली की ती एकदम मेंदूंवर वापरत नाहीत, कारण तुकडा एकदा वापरला की संपला. त्याआधी आम्ही कामावरची माणसं नळ्यांत थुंकतो आणि ती थुंकी यंत्रात घालून बघतात. ही आमच्याकडची रीतच आहे. त्यात सख्ख्या भावंडांची एक तरी जोडी लागते. सख्ख्या भावंडांचं साधारण निम्मं जुळतं. यंत्राने निम्मं दाखवलं की समजायचं, यंत्राचं डोकं ठिकाणावर आहे. एरवी ही जोडी म्हणजे यंत्र चालवणारा शिडी आणि त्याची बहीण. (शिडी हे त्याच्या उंचीवरून पडलेलं नाव. तो दारातून वाकून येतो.) या वेळी त्याच्या बहिणीने साफ सांगितलं, "दर वेळी मीच का थुंकू? तुझ्या तोंडावर थुंकायला सांग, येते." मग बाईंनी मला विचारलं, "तुला भाऊ आहे ना रे?"

मी म्हणालो, "आहे. जुळा आहे. पण आम्ही सारखे नाही."

"नक्की?"

"अगदी नक्की. तो मामावर गेलाय. मी बाबांवर."

बाई हसल्या. मी तुला नळी पाठवली.

काल निकाल लागला. यंत्राने निम्मं दाखवलं नाही. सगळंच्या सगळं जुळलं, आणि पडद्यावर आमच्या दोन नळ्यांसमोर लाल अक्षरांत आलं की हा एकाच माणसाचा नमुना दोनदा घातला आहे. असं झालं की एक नळी काढून टाकायची आणि लेबल लावणाऱ्याला बोलवायचं, असा नियम आहे. लेबल लावणारा मी.

शिडी सगळ्यांसमोर म्हणाला, "काय रे, भावाने पाठवली नाही म्हणून दोन्हींत तूच थुंकलास की काय?" सगळे हसले. तो वाईट नाही. पण आपण बोलत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, हे मला तेव्हा कळलं.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला आत बोलावलं. "चूक झाली असेल तर सांगून टाक. चुकीसाठी मी कुणाला ओरडत नाही. लपवलेल्या चुकीने मात्र वर्षाचं काम पाण्यात जातं."

मी म्हणालो, "चूक झाली नाही." आवाज माझा वाटला नाही. बाहेर आलो तोवर माझी खात्री निम्मी झाली होती. घरी हात धुताना ती पाव उरली. मी झाकण घट्ट आहे का ते बघायला तुझी नळी उघडली होती का? माझी आणि तुझी एकाच वेळी टेबलावर होती का? मला आठवत नाही आणि आठवलं तरी ते खरं आठवतं आहे का, ते कळत नाही.

हा उलगडा होईपर्यंत लेबलांना हात लावायचा नाही, असं बाईंनी सांगितलं आहे. मी रिकामे खोके घड्या घालून ठेवतो आहे.

आई बरी आहे. तुला लिहितो आहे हे तिला माहीत नाही.

हो किंवा नाही.

धाकट्या

१२ ऑक्टोबर

दादा,

तुझं कार्ड मिळालं. "हो. घसा कोरडा पडेपर्यंत. तेवढंही माझ्याकडे नसेल असं वाटलं का तुला?" मी ते खिशात घालून बाईंना दाखवायला नेलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, "मला याची गरज उरली नाही. पण बरं झालं आणलंस. बस."

मी बसलो नाही. बसायला सांगतात तेव्हा काहीतरी असतं.

मी खोक्यांच्या घड्या घालत होतो तेव्हा त्यांनी दोन्ही नळ्यांवर दुसरी तपासणी लावली होती, खुणांची. ती मला समजावून सांगताना त्यांनी भिंतीकडे बोट केलं. आमच्याकडे फ्रीजरच्या बटणांवर चिकटपट्टी लावलेली असते. कुणी चुकून बंद केलं तर सगळे मेंदू वितळतील, म्हणून. बाई म्हणाल्या, "तसंच समज. जनुकं म्हणजे बटणं. जन्माला येताना जी मिळाली तीच शेवटपर्यंत. पण पेशी काही बटणांवर चिकटपट्टी लावते, काहींची काढते. जगताना, खाताना, आजारपणात. या दोन नळ्यांत बटणं अगदी तीच आहेत. चिकटपट्ट्या मात्र वेगळ्या आहेत. पुष्कळ वेगळ्या."

मी म्हणालो, "म्हणजे?"

"सिगारेट ओढणाऱ्याची एका ठरावीक जागची चिकटपट्टी झिजते. जगात कुठेही जा, तीच जागा. दुसऱ्या नळीत ती झिजलेली आहे. चांगलीच. पहिलीत शाबूत. तू ओढतोस?"

मी उत्तर द्यायच्या आत शिडी दारातून म्हणाला, "हा? हा मेणबत्ती विझवली तरी खोकतो."

"म्हणजे माणसं दोन आहेत," बाई म्हणाल्या. "लेबलं बरोबर होती. मी तुझ्यावर शंका घेतली, त्याबद्दल सॉरी." आणि मग हळू आवाजात, "माणसं दोन, जनुकं एक. तुम्ही सारखे जुळे आहात रे. एकाच गर्भाचे दोन झालेले."

दादा, मी हे इतक्या सरळपणे लिहू शकतो कारण मी ते तीन दिवस मनात लिहितो आहे. तेव्हा माझ्या तोंडून एवढंच निघालं, "पण तो मामावर गेलाय."

मी पुन्हा तेच म्हणालो. दोनदा. शिडीने खुर्ची पुढे सरकवली.

मी त्यांना सांगितलं की आपल्या जन्माच्या वेळी वारा, म्हणजे बाळामागून पडते ती, दोन होत्या. सुईणीनेच सांगितलं होतं, दोन वारा म्हणजे सारखे नाहीत. बाई म्हणाल्या, ही चूक जुनी आहे आणि अजून होते. गर्भ लवकर दुभंगला तर सारख्या जुळ्यांनाही दोन वारा असतात. मी म्हणालो, वजनही वेगळं होतं, तो मूठभर होता. त्या म्हणाल्या, पोटातही एकाला कमी मिळतं, एकाला जास्त. मी म्हणालो, चेहरा बघा, आणि फोनवर आपला जुना फोटो काढून दाखवला, तुझी मिशी नुकती फुटलेली तो. बाईंनी तो बराच वेळ पाहिला. मग तुझ्या नाकावर बोट ठेवलं.

"आता बघ."

मी पाहिलं. पडद्यावर दोनदा मी होतो.

मला आठवतं तेव्हापासून घरात एकच वाक्य आहे. तुझं नाक मामाचं, म्हणून तुझा राग मामाचा, तुझं एकटं बसणं मामाचं. आणि तुला ते आवाज ऐकू यायला लागले, तू भिंतीला कान लावून बसायला लागलास, तेव्हा कुणाला धक्कासुद्धा बसला नाही. सगळे जणू वाटच बघत होते. मी पण. मामाला वेड लागलं तेव्हा त्याच्या खोलीला कडी बाहेरून होती, ती गोष्ट आपण दोघांनी ऐकली, पण मी ती तुझी गोष्ट म्हणून ऐकली. माझा तिच्याशी काही संबंध नव्हता, कारण मी बाबांवर गेलो होतो.

मी बाईंना विचारलं, "मला होणार का?"

त्यांनी टाळलं नाही. "सारख्या जुळ्यांत एकाला झाला तर निम्म्याहून जास्त वेळा दुसऱ्याला होत नाही. आणि तुमचं वय बघता तुझा धोक्याचा काळ बराचसा मागे पडलाय. का होत नाही ते मला ठाऊक असतं तर मी हे फ्रीजर कधीच विकले असते."

"थुंकीवरून कळत नाही का?"

"नाही. मेंदूतल्या खुणा बघायच्या तर मेंदूच लागतो. तो सध्या तुम्हा दोघांनाही वापरायचा आहे."

शिडी हसला. मीही हसलो असेन. नंतर मी सात नंबरच्या फ्रीजरपाशी गेलो. तिथे खालच्या खणात दोन बहिणींचे तुकडे शेजारी शेजारी आहेत. सारख्या जुळ्या. एक आयुष्यभर आजारी, दुसरी शाळेत शिकवायची. दोन्ही लेबलं माझ्या हातची आहेत. लिहिताना मला काहीही वाटलं नव्हतं.

निघताना बाई म्हणाल्या, "तुम्ही दोघं म्हणजे माझ्या कामाला सोनं आहात. हे मी बोलायला नको होतं, विसर. आणि ऐक, हे जितकं तुझं आहे तितकंच त्याचं. त्याला विचारल्याशिवाय घरी बोलू नकोस."

म्हणून विचारतो. आईला सांगू का?

आणि तू एवढ्या सिगारेटी का ओढतोस?

धाकट्या

२३ ऑक्टोबर

दादा,

"सांग तिला. तिचं तोंड कसं होतं ते सविस्तर लिही. सविस्तर लिहायची तुला हौस आहेच."

तुझं कार्ड वाचून मला राग आला. मग वाटलं, तू जो निघून गेलास तो तिचं तोंड न बघताच. त्या दिवशी पाहुण्यांसमोर ती म्हणाली, "माहेरचं रक्त आहे हो ते, मामावर गेलाय. धाकटा मात्र वडिलांवर," आणि तू बूट घातलेस. तू तिच्याकडे पाहिलंच नाहीस. म्हणून सविस्तर लिहितो.

ती ओट्यापाशी भांडी पुसत होती. मी सांगितलं तसं तिने आधी काही ऐकलंच नाही असं केलं. ताटल्या एकावर एक ठेवत राहिली. मी पुन्हा सांगितलं, बाईंच्या शब्दांत, बटणं आणि चिकटपट्ट्या. ती म्हणाली, "यंत्रं काय, काहीही सांगतात. परवा लाइटचं बिल नाही का दुप्पट आलं."

मी म्हणालो, "आई, यंत्र चुकलेलं नाही."

"मी जन्म दिलाय. मला माहीत आहे कोण कुणावर गेलंय ते."

मग मी भिंतीवरचा आपला फोटो काढला, शाळेतला, आणि बाईंनी केलं तसंच केलं. तुझ्या नाकावर बोट ठेवलं.

तुला तोंड कसं झालं ते हवं होतं. तर ते फोटोकडे बघून काही झालं नाही. ती फोटोकडे बघतच नव्हती. ती माझ्या बोटाकडे बघत होती. चेहरा आपण कपाटात लपवलेली वस्तू कुणी हातात धरून उभं राहावं तसा झाला. मग म्हणाली, "काढ बोट." मी काढलं नाही तर ओरडली, "बोट काढ म्हणते ना!" आणि ताटल्या तशाच टाकून आत गेली.

मला वाटलं, आता ती रडेल. तुझ्यासाठी. ती बाहेर आली तेव्हा डोळे कोरडे होते, आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

दादा, मी ते बघणं ओळखतो. मी ते आयुष्यभर बाजूने पाहिलं आहे. समोरून कधी पाहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून ती माझ्यामागे आहे. न्हाणीघरात गेलो की दाराबाहेर पावलं थांबतात. जेवताना मी घास कसा घेतो ते बघते. मी एकटा बसलो की विचारते, "कसला विचार करतोयस?" नाही बसलो तर, "एवढी धावपळ कशाला करतोस?" परवा रेडिओवर काहीतरी ऐकून मी हसलो. ती स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली आणि रेडिओ खरंच चालू आहे का ते आधी पाहिलं.

मी मात्र खरंच बदललो आहे. हसायच्या आधी विचार करतो, हसण्यासारखं आहे ना? कामावर कुणी माझं नाव घेतलं की चटकन वळत नाही, आधी दुसऱ्या कुणी ऐकलं का ते बघतो. शिडी म्हणाला, "बहिरा झालास काय?" त्याला काय सांगू?

आणि काल कामावरून आलो तर माझ्या खोलीची आतली कडी नव्हती. दारावर स्क्रूची चार भोकं होती, आणि खाली जमिनीवर थोडा लाकडाचा भुगा. तिने झाडलाही नव्हता. तू हॉस्पिटलातून परत आलास तेव्हा तुझ्या दाराचीही अशीच काढली होती. तेव्हा मला वाटलं होतं, किती काळजी घेते आई. मी स्क्रू गोळा करून डबीत ठेवले होते, हरवू नयेत म्हणून.

मी त्या भोकांना बोट लावून बराच वेळ उभा होतो. असं वाटत होतं की कुणीतरी येऊन सांगेल, चूक झाली, ही तुझी खोली नाही.

मला एक सांग. असं कुणी बघत असताना तू जेवायचास कसा? मी गोळ्यांबद्दल किंवा आवाजांबद्दल विचारत नाही. फक्त जेवणाबद्दल.

धाकट्या

५ नोव्हेंबर

दादा,

या वेळी कार्ड नाही, पत्र आलं. दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. मी ते इतक्यांदा वाचलं आहे की घडीवर फाटायला आलं आहे, म्हणून आतून चिकटपट्टी लावली.

"ताटाकडे बघून जेवायचं. तिच्याकडे बघितलंस की संपलास." हे मी करून पाहिलं. जमतं. "हसायचं असेल तर मोठ्याने हस, हळू हसलास की तिला जास्त भीती वाटते." हेही खरं निघालं. तू आता रोपवाटिकेत काम करतोस, मालकीण तुला वेंधळ्या म्हणते आणि वेडा म्हणत नाही, हे वाचून बरं वाटलं. गोळ्या चालू आहेत आणि हात थरथरतात, तरी रोपं मरत नाहीत, हे वाचून जास्त बरं वाटलं.

शेवटी तू लिहिलं आहेस, "आपण एकच असलो तर तू काय, मी बरा असतो तर कसा दिसलो असतो त्याचा नमुना आहेस. फार काही कमाल दिसत नाहीस." मी हे शिडीला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "हा माणूस आपल्याकडे का नाही कामाला?"

आता आजचं लिहितो.

हे वरचं लिहून झालं आणि मी ते मोठ्याने वाचत होतो. तुला माहीतच आहे, मी लिहिलेलं मोठ्याने वाचून तपासतो, नाहीतर चुका राहतात. दुपारची वेळ होती. दार लोटलेलं होतं, कडी नसल्यामुळे लोटलेलंच असतं. ते उघडलं. आई उभी होती.

"कुणाशी बोलतोयस?"

मी म्हणालो, "दादाशी."

मग ती फार हळू, फार गोड आवाजात म्हणाली, "तो इथे नाहीये रे बाळा." तुझ्याशी ती असंच बोलायची, डॉक्टरांनी शिकवल्यावर.

मी कागद वर केला. "पत्र आहे, आई. त्याला लिहिलेलं वाचतोय. हे बघ, त्याचंही आलंय."

तिने तुझं पत्र घेतलं नाही, पण अक्षर पाहिलं. मग पलंगाच्या कडेला बसली. बराच वेळ पायाच्या अंगठ्याने फरशीची फट उकरत राहिली. मला वाटलं उठून जाईल.

"नाक मामाचं नव्हतं," ती म्हणाली.

मी कागद खाली ठेवला.

"तुम्ही सहा-सात महिन्यांचे होतात. मी दोघांना टेबलावर पुसत होते. तू रडायला लागलास म्हणून तुला उचललं. तो खाली पडला. तोंडावर. रडलासुद्धा नाही. मला वाटलं, बरं झालं, कुणी ऐकलं नाही. सूज उतरली तर नाक वाकडं. सासूबाईंनी विचारलं, हे असं काय झालं? माझ्या तोंडून निघून गेलं, माझ्या भावाचं नाक आहे तसं. त्यांनी लगेच मान डोलावली. मग सगळेच म्हणायला लागले. हो की हो, मामावर गेलाय."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"कधी सांगणार? म्हणता म्हणता मलाच खरं वाटायला लागलं. आणि त्याला बरं नाहीसं झालं तेव्हा वाटलं, बघ, तू खोटं बोललीस आणि तेच खरं झालं."

दादा, मला तिचा राग यायला हवा होता. तुझ्या वतीने तरी. पण आला नाही. मी रडलो म्हणून तिने मला उचललं होतं. तू टेबलावर राहिलास. मी मामाचं नाक नसलेला मुलगा झालो ते एवढ्यावरून.

मी तिला सांगितलं, पडल्याने हा आजार होत नाही. बाईंना मी विचारीनच, पण हे मला आत्ताही सांगता येतं. तिने मान हलवली, पण तिला ते ऐकू गेलं की नाही, माहीत नाही. मग तिने विचारलं, "थंडीत दुखतं का रे त्याचं नाक? लहानपणी दुखायचं. मी म्हणायचे सर्दी आहे."

मी म्हणालो, "तूच विचार. मी लिहितो, सांग."

मी पेन धरून बसलो होतो. ती उठली आणि बाहेर गेली. मला वाटलं, संपलं.

स्वयंपाकघरातला खण ओढल्याचा आवाज आला. ती परत आली ती हातात स्क्रूड्रायव्हर, दोन्ही दारांच्या कड्या आणि ती डबी घेऊन, जिच्यात मी तेव्हा तुझे स्क्रू ठेवले होते. ती तिने जपून ठेवली होती हे मला माहीत नव्हतं. माझ्या दारापाशी ती गुडघ्यावर बसली. मी म्हणालो, दे इकडे, मी बसवतो. "तू लिही," ती म्हणाली. "मी काढली, मीच बसवते."

म्हणून मी लिहितो आहे. माझ्या दाराचं काम झालं. आता ती तुझ्या खोलीत आहे. आवाज येतो आहे. एक स्क्रू गंजला आहे आणि फिरत नाही, त्याला ती नावं ठेवते आहे. आत सगळं तसंच आहे, फक्त खिडकीत तिने कांदे ठेवले होते ते आत्ता बाहेर आणून ठेवले.

ती थांबली. मला म्हणाली, "त्याला लिही, झालं."

मी बघून आलो. सरळ बसली आहे. आत जाऊन लावूनही पाहिली, दोनदा. तुझ्या दाराला कडी आहे दादा, आणि ती आतून लागते.

धाकट्या